नाळेच्या तोंडाशी

“...मग एकशे चाळीस पुरेल, की एकशे सत्तरच घ्यावी?”

बाई चाकाची एक तार दोन बोटांत धरून दाबून बघत होत्या.

“मिलिमीटर म्हणतोय मी,” सुधाकर मोहिते म्हणाले. “शॉक किती दबतो, ते.”

“कळलं.”

बाईंनी दुसरी तार धरली.

डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर ऊन होतं, पण वाऱ्यामुळे ते अंगाला लागत नव्हतं. लांबवर पवनचक्क्यांची पाती फिरत होती. पत्र्याच्या शेडला टेकून तीन सायकली उभ्या होत्या. तिन्हींना पुढेही शॉक, मागेही शॉक. पहिली हलकी, जेमतेम दबणारी. दुसरी मधली. तिसरी मात्र अशी दणकट, की मोटरसायकलच्या शेजारी उभी केली तरी लाजली नसती.

डोंगरवाटेची सायकल घेण्याआधी लोक इथे येत. या तीन चालवून बघत. आणि बाईंना विचारत.

बाई म्हणजे कुसुम आवटी. तरुणपणी सांगलीकडच्या सायकल-शर्यतींत त्यांच्या पुढे फारसं कुणी जात नसे. मग खुबा मोडला आणि शर्यती संपल्या. त्या या सड्यावर येऊन राहिल्या आणि दगडधोंड्यांतून सायकल कशी न्यायची ते शिकवू लागल्या. आता सत्तरीला आल्या होत्या. चालताना उजवा पाय किंचित ओढत. शिकणारी मुलं त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत.

मोहिते कराडजवळच्या एका कारखान्यात होते. मोटारींचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर तयार करणारा विभाग त्यांच्या हाताखाली होता. खड्डा आला की माणसाला किती धक्का बसावा आणि किती बसू नये, यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांना या विषयात सहसा कुणी उलट विचारत नसे.

शेडच्या पायरीवर त्यांची मुलगी बसली होती. केतकी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तीन वर्षांपासून दर रविवारी बाईंकडे येत होती. उन्हाळ्यात पडली, खांद्याजवळचं हाड मोडलं. ते आता जुळलं होतं.

“मी नाळेतल्या पायऱ्या मोजल्यात,” मोहिते सड्याच्या कडेवरून उतरणाऱ्या घळीकडे हात करून म्हणाले. “टेप घेऊन. खालून वरपर्यंत.”

“सगळ्या?”

“सगळ्या. तिसरी सर्वांत वाईट. चाक खाली आपटतं आणि लगेच पुढे आडवा दगड आहे. केतकी तिथंच पडली. तिच्या सायकलला मागे शॉकच नव्हता. मागून धक्का आला, तो गिळायला काही नाही. माणूस हँडलवरून फेकला जाणारच.”

बाई ऐकत होत्या.

“हिशोब सरळ आहे. उंची, वेग, वजन. एकशे चाळीसला तिसऱ्या पायरीवर शॉक तळाला लागेल. एकशे सत्तरला दोन बोटं जागा उरते.” ते थांबले. “चुकत असेन तर सांगा.”

“नाही. बरोबर आहे.”

मोहित्यांना वादाची अपेक्षा होती. ते क्षणभर अडखळले.

“म्हणजे... एकशे सत्तर?”

“चालवणार कोण?”

“केतकी. दुसरं कोण?”

“मग तुम्ही का विचारताय?”

“ती कुठे विचारतेय? लहानपणापासून अशीच आहे. विचारलं तर ‘हो’, नाही विचारलं तर गप्प.” मोहिते हसले. “तिच्या आईला हे सगळं नकोच होतं. मुलीच्या जातीला कशाला डोंगर, म्हणायची. घरात कोण उभं राहिलं तिच्या पाठीशी? मी. हाड मोडलं तेव्हासुद्धा मी म्हटलं, थांबायचं नाही. डिसेंबरात संघाची निवड चाचणी आहे. चाचणीची वाटही हीच, नाळेची. आणि ती चढलीये पुन्हा सायकलवर. दर रविवारी नाळ उतरते. जरा हळू उतरते, एवढंच. सायकल बदलली की तेही जाईल.”

बाईंनी केतकीकडे पाहिलं.

केतकीनं बुटाची नाडी सोडली. पुन्हा बांधली.

“बसा,” बाई मोहित्यांना म्हणाल्या.

“कुठे?”

“सायकलवर. तिसऱ्या.”

“मी?”

“घ्यायची म्हणताय ना? बसून बघा.”

“पण चालवणार केतकी.”

“निवडताय तुम्ही.”

मोहित्यांना ते पटलं. सायकल त्यांना नवी नव्हती. कारखान्यात ते अजून सायकलनं जात. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पिशवीतून हवेचा छोटा पंप काढला आणि मागच्या शॉकला लावला.

“हे बघ, केतू,” ते म्हणाले. “हवा आपल्या वजनाप्रमाणे भरायची. माणूस नुसता बसला, तरी शॉक थोडा खाली बसला पाहिजे. अजिबात बसला नाही, तर खड्डा आला की चाक जमीन सोडतं. खूप बसला, तर खरा धक्का येईल तेव्हा दबायला जागाच नाही.”

“हो, बाबा.”

तिला ते माहीत होतं. ती ते बाईंकडे पहिल्याच महिन्यात शिकली होती.

मोहिते सायकलवर बसले, उतरले, शॉकच्या दांडीवरची रबराची कडी कुठे सरकली ते पाहिलं. जराशी हवा सोडली. पुन्हा बसले. मग पुढच्या शॉकचं तसंच केलं. ब्रेकच्या दोऱ्या, टायरमधली हवा, हँडलचा कोन. एकही गोष्ट त्यांनी सोडली नाही.

बाई जवळ आल्या. त्यांनी सीटवर तळहात ठेवून सायकल खाली दाबली, सोडली. ती एकदाच वर आली आणि शांत राहिली.

“माझ्याहून चांगली लावलीत,” बाई म्हणाल्या.

ते खरं होतं. मोहिते खूश झाले.

“चला,” बाई म्हणाल्या.

“कुठे?”

“नाळेवर.”

❋

गवळणनाळ सड्याच्या कडेवरून खालच्या रानात उतरते. पावसाळ्यात ती पाण्याची वाट असते, एरवी माणसांची. दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि मधून ओबडधोबड पायऱ्या. कुणी घडवलेल्या नाहीत, पाण्यानं पाडलेल्या. पूर्वी वरच्या वाडीतल्या बायका दूध घेऊन इथून उतरत. आता बाईंचे विद्यार्थी उतरतात.

तिघं गवतातून चालत गेले. मोहिते सायकल हातात धरून पुढे. बाई मागून, पाय ओढत. केतकी सर्वांत शेवटी.

मोहिते बोलत होते. सायकलच्या चौकटीबद्दल, मागचा सांधा कुठे हवा त्याबद्दल. वारा निम्मे शब्द उडवून नेत होता.

नाळेच्या तोंडाशी बाई थांबल्या.

“हेल्मेट.”

मोहित्यांनी हेल्मेट घातलं. केतकीनं पुढे होऊन त्यांच्या गुडघ्यांना पॅड बांधले. ती खाली वाकली होती, त्यामुळे तिचा चेहरा त्यांना दिसला नाही.

“सीट खाली करा,” बाई म्हणाल्या. “उतारावर बसायचं नाही, पेडलवर उभं राहायचं. ढोपरं वाकलेली. बोटं ब्रेकवर, पण आवळायचे नाहीत. आणि पायाखाली बघायचं नाही. वाट वळते ना तिथं, खाली, त्या उंबराशी... तिथं बघा. नजर जिथं जाते, चाक तिथं जातं.”

“हे मी वाचलंय.”

“ठीक.”

“पहिल्या दोन पायऱ्या फक्त. मग थांबतो.”

“तुमची इच्छा.”

मोहिते सायकलवर आले. एक पाय पेडलवर. एक पाय जमिनीवर.

खालून मोजताना या पायऱ्या पायऱ्यांसारख्या दिसल्या होत्या. वरून त्या दिसत नव्हत्याच. पुढचं चाक होतं, आणि चाकापुढे काही नव्हतं. मग खूप खाली उंबराचा शेंडा.

ते उभे राहिले.

“ब्रेक जरा लांब वाटतायत,” ते म्हणाले.

“करून घ्या.”

त्यांनी खिशातून पाना काढला. ब्रेकची पट्टी बोटाजवळ आणली. पुन्हा पेडलवर पाय ठेवला.

वारा आला. गेला.

“टायरमध्ये हवा जास्त झालीये. दगडावर सरकेल.”

“सोडा.”

ते उतरले, हवा सोडली, अंगठ्यानं टायर दाबून पाहिला. पुन्हा चढले.

“मागचा शॉक परत येताना घाई करतोय. एक टिचकी कमी करतो.”

“करा.”

त्यांनी शॉकवरचं छोटं चाक फिरवलं. मग हँडल जरा वर वाटलं, तेही केलं. मग चष्म्यावर धूळ होती, ती पुसली.

बाई एका दगडावर बसल्या होत्या. त्यांना कसलीही घाई नव्हती. केतकी उभी होती आणि वडिलांच्या डाव्या बुटाकडे बघत होती.

तो बूट जमिनीवर होता.

“अजून काही?” बाईंनी विचारलं.

मोहित्यांनी सायकलकडे पाहिलं. पुढून मागपर्यंत. त्यांना तिच्यात काही सापडलं तर हवं होतं.

“...नाही.”

“सगळं ठीक आहे?”

“सगळं ठीक आहे.”

“मग?”

मोहिते पुढच्या चाकाकडे बघत राहिले.

त्यांच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. दोन्ही ब्रेक त्यांनी इतके आवळले होते, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. आणि सायकल तर हललीही नव्हती.

एक घार नाळेवरून तरंगत खाली गेली.

“बाबा,” केतकी म्हणाली.

“थांब जरा. उतरतो.”

“बाबा, माझा पण उचलत नाही.”

“काय?”

“पाय.”

मोहित्यांनी मान वळवली.

“माझा पण पाय असाच राहतो,” केतकी म्हणाली. “इथेच. याच जागी.”

“कधीपासून?”

“पडल्यापासून.”

“पण... तू तर दर रविवारी...”

“इथपर्यंत येते. थांबते. मग त्या बाजूच्या पायवाटेनं सायकल ढकलत खाली जाते.”

“आणि मला सांगतेस उतरले म्हणून.”

“तुम्ही वर शेडपाशी थांबता. विचारता, ‘झाली का नाळ?’ मी ‘हो’ म्हणते.”

ती रडत नव्हती. तिचा आवाज सपाट होता. खूप दिवस मनात म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं वाक्य तोंडातून बाहेर पडावं, तसा.

मोहिते बाईंकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी बरोबरच असते तिच्या.”

“मग मला सांगितलं नाहीत.”

“तुम्ही मला सायकलींचं विचारलंत.”

“मी बाप आहे तिचा.”

“हो.”

“अशी गोष्ट बापाला सांगायची नाही?”

“सांगायची होती,” बाई म्हणाल्या. “मी नाही.”

मोहित्यांनी मान पुन्हा पुढे केली. जबडा आवळला. काय झालं ते केतकीच्या आधी बाईंच्या लक्षात आलं. मोहित्यांचा डावा पाय जमिनीवरून सुटला होता.

सायकल एक वीत पुढे सरली.

बाईंनी उठून हँडलवर हात ठेवला. म्हातारा, हाडकुळा हात. जोर लावला नाही. नुसता ठेवला.

“रागानं नको,” त्या म्हणाल्या.

पाय पुन्हा जमिनीवर आला.

मोहित्यांनी सायकलवरून उतरायचा प्रयत्न केला आणि पाय दांडीत अडकला. केतकीनं सायकल धरली. दुसऱ्या हातानं त्यांना धरलं.

तिनं वडिलांना असं कधी धरलं नव्हतं.

ते दगडावर बसले. हेल्मेट काढायचं राहून गेलं.

“मला वाटलं, शॉक कमी पडला,” ते म्हणाले.

केतकीनं सायकल कातळाला टेकवली.

“केतू, खरंच वाटलं. मी ते सगळं मांडून बघितलं. उंची, वेग... पुन्हा पुन्हा. दुसरं कारणच सापडेना.”

केतकी त्यांच्या समोर उकिडवी बसली.

“मी दगडामुळे नाही पडले, बाबा.”

“मग?”

तिनं बाईंकडे पाहिलं. बाई उंबराच्या दिशेनं बघत होत्या.

“तिसऱ्या पायरीपर्यंत मी नीट होते,” केतकी म्हणाली. “तुम्ही खाली वळणावर उभे होतात. हातात घड्याळ होतं. मी... तुमच्याकडे बघितलं.”

“माझ्याकडे?”

“तुम्हाला वेळ बरी वाटतेय का, ते बघायला.”

मोहित्यांनी तिचा चेहरा पाहिला. मग तिचा खांदा. हाड जुळलं होतं तिथं, कपड्याखाली, एक बारीक उंचवटा होता. डॉक्टरांनी तो राहील म्हणून सांगितलं होतं.

त्यांनी हात पुढे केला. तो उंचवट्यावर ठेवला नाही. तिच्या दंडावर ठेवला.

“दुखतं का अजून?”

“पाऊस असला की.”

“मला सांगितलं नाहीस.”

“नाही.”

❋

खाली उतरून उपयोग नव्हता, शेड वरच होती. तरी बाई म्हणाल्या, “आता आलोच आहोत,” आणि बाजूच्या पायवाटेला लागल्या. त्यांचा पाय ओढत होता, पण त्या थांबल्या नाहीत. मोहिते आणि केतकी मागून. सायकल दोघांच्या मध्ये होती, हँडलचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्यांच्या. वाट अरुंद होती. दोघं आणि सायकल अशी तिन्ही मावत नव्हती, तेव्हा कधी एक पुढे झाला, कधी दुसरा.

उंबरापाशी पोचल्यावर मोहित्यांनी वर पाहिलं. इथूनच त्यांनी वेळ मोजली होती.

तिसरी पायरी इथून स्पष्ट दिसत होती. अगदी समोर. वरून येणाऱ्याला सर्वांत आधी इथं उभा असलेला माणूसच दिसत असेल.

ते तिथं फार वेळ थांबले नाहीत.

❋

दुपार उतरायला लागली तेव्हा तिघं शेडवर परतले. बाईंनी चुलीवर चहा ठेवला. चहा होईपर्यंत कुणी सायकलींचं नाव काढलं नाही.

मग मोहिते म्हणाले, “बाई, आता... कोणती घ्यायची?”

बाईंनी कप त्यांच्या हातात दिला. दुसरा केतकीला दिला. आणि केतकीकडे बघत राहिल्या.

मोहित्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनीही तिच्याकडे तोंड केलं.

“तू चालवून बघ,” ते म्हणाले. “तिन्ही.”

“मी सांगेन ती घ्यायची?”

“तू सांगशील ती.”

केतकी उठली. तिनं पहिली सायकल घेतली आणि सड्याला वळसा घालून आली. मग तिसरी. मग दुसरी. तिथं कातळात छोटे छोटे उतार होते, पाण्यानं कोरलेल्या खाचा होत्या, गवतात लपलेले दगड होते. ती मुद्दाम त्यांच्यावरून जात होती. एका लहानशा टप्प्याशी ती थांबली. पाय टेकला. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग वळून दुसऱ्या बाजूनं गेली.

मोहिते पायरीवर बसले होते. त्यांना खूप काही दिसत होतं. तिचे खांदे आवळलेले होते. तिसऱ्या सायकलवर ती चढाला धापा टाकत होती. पहिलीवर मागचं चाक उडत होतं. एकदोनदा त्यांनी तोंड उघडलं. मग कप उचलला. कप रिकामा होता. तरी तो त्यांनी ओठाला लावला.

बाई शेजारी बसून कोथिंबीर निवडत होत्या.

केतकी दुसऱ्यांदा मधली सायकल घेऊन गेली. या वेळी लांबचा वळसा घेतला. येऊन उभी राहिली.

“ही,” ती म्हणाली.

मधली. एकशे चाळीस.

मोहित्यांच्या डोक्यात तिसऱ्या पायरीचा हिशोब उभा राहिला. शॉक तळाला लागत होता. अजूनही लागतच होता. हिशोब काही बदललेला नव्हता.

“का?” त्यांनी विचारलं. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, की आवाजात वाद नव्हता.

“मोठीवर खालचं काही कळतच नाही. गादीवरून चालल्यासारखं. आणि अचानक कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.” ती विचार करत बोलत होती. इतकं सलग बोलायची तिला सवय नव्हती. “ही सांभाळते, पण काय आहे ते सांगतेसुद्धा. आणि चढाला माझ्यानं ओढवते.”

“पण तिसऱ्या पायरीला...”

ते थांबले.

वारा पत्र्यावर वाजत होता.

“तिसऱ्या पायरीला ती तळाला लागेल,” त्यांनी वाक्य पुरं केलं. “मला ठाऊक आहे म्हणून सांगतो. बाकी तू ठरव.”

“लागेल,” केतकी म्हणाली. “तिथं मी हळू जाईन. नाहीतर उतरून चालेन.”

“चाचणीत?”

“यंदा चाचणी नाही, बाबा.”

तिनं ते हलकेच म्हटलं, पण म्हटलं.

मोहित्यांनी खाली पाहिलं. त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलं होतं. साहेबांना, शिपायाला, कॅन्टीनवाल्यालाही. डिसेंबरातली रजासुद्धा मंजूर करून घेतली होती.

“बरं,” ते म्हणाले.

मग ते उठले. पिशवीतून पंप काढला. मधल्या सायकलच्या मागच्या शॉकपाशी गुडघे टेकून बसले. पंप लावला, आणि हात तसाच राहिला.

“किती ठेवू?” त्यांनी विचारलं.

केतकीनं त्यांच्याकडे पाहिलं. वडिलांनी तिला असा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता.

“मी बसते,” ती म्हणाली. “तुम्ही हवा सोडा. मी सांगेन.”

ती बसली. बाईंनी कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली आणि मागून सीट धरली, सायकल सरळ राहावी म्हणून. मोहित्यांनी पंपाचं बटण दाबलं. हवा बारीक सुस्कारा टाकत बाहेर आली. सायकल केसभर खाली गेली.

“अजून.”

पुन्हा सुस्कारा.

“अजून थोडी.”

त्यांच्या दृष्टीनं ती आता जास्त होत होती. रबराची कडी त्यांच्या खुणेपुढे सरकली होती. त्यांनी बोट बटणावरच ठेवलं.

“अजून...”

सायकल आणखी जराशी बसली.

“बस,” केतकी म्हणाली.

मोहित्यांनी बोट काढलं.

❋

निघताना ऊन पवनचक्क्यांच्या मागे गेलं होतं. तशीच सायकल कुठून आणि केव्हा मागवायची, ते बाईंनी सांगितलं. केतकी रस्त्यापर्यंत पुढे गेली, गाडीचं दार उघडून उभी राहिली. तिथून ती खालच्या दरीकडे बघत होती. आपल्याकडे कुणी बघतंय का, हे तिनं वळून पाहिलं नाही.

मोहिते मागे रेंगाळले.

“बाई.”

“हं.”

“मी इथं यायचं बंद करू का? रविवारी?”

“तिला विचारलंत?”

“विचारेन.”

ते तरी निघाले नाहीत. हातातला पंप त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. दिवसभरात त्यांनी बाईंना खूप प्रश्न विचारले होते, आणि आता विचारायचा होता तो सोडून बाकी सगळ्यांची उत्तरं त्यांना स्वतःलाच येत होती.

“बाई, एवढंच सांगा... ती पडणार नाही ना आता?”

बाईंनी शेडचं दार लोटलं. कडी घातली. आणि मग त्यांच्याकडे वळल्या.

“पडेल,” त्या म्हणाल्या. “पण घरी येऊन सांगेल.”